राहील त्याचं घर

मिस ओझेला प्रेविट नगरपालिकेच्या ट्रस्टच्या विश्वस्त झाल्या, तेव्हा त्या सभेत नव्हत्याच. सभा चर्चच्या तळघरात चालली होती आणि त्या पलीकडच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सॅलड कालवत होत्या. ओक्लाहोमातल्या हॅलडेन गावाचे नगराध्यक्ष स्वतः रेल्वेचे रूळ ओलांडून आमच्या कॉटनवुडमध्ये, गावातल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, आले होते. मतं मागायची वेळ नसताना नगराध्यक्ष आले म्हणून लोक आले होते. ऐकायला असे फारसे कुणी आले नव्हते.

नगराध्यक्षांनी समजावून सांगितलं, की नगरपालिका एक सार्वजनिक ट्रस्ट काढते आहे. कॉटनवुडमधली ओस पडलेली घरं हा ट्रस्ट ताब्यात घेईल, त्यांची वारसाहक्काची भिजत पडलेली घोंगडी निस्तरील, टिकतील ती घरं दुरुस्त करील, टिकणार नाहीत ती पाडील, आणि वस्तीत पुन्हा माणसं राहायला आणील. पाच विश्वस्त असतील आणि त्यातला एक कॉटनवुडचाच असला पाहिजे.

विमा विकणाऱ्याचं ऐकावं तसं लोक हाताची घडी घालून ऐकत होते. शेवटी म्हातारे युबँक्स उठून म्हणाले, "साहेब, पाडायला कधी येताय तेवढं आधी कळवा. म्हणजे मी कुत्रं बांधून ठेवीन."

लोक हसले. विश्वस्त व्हायला मात्र एकही हात वर होईना. तेव्हा रेव्हरंड टॉलिव्हर म्हणाले, "ओझेला होईल."

सॅलडचा डाव हातात घेऊनच मिस ओझेला दारात आल्या. "काय होईल ओझेला?"

"विश्वस्त."

"बरं, ते नंतर बघू. जेवायला थांबणारे किती आहेत ते आधी सांगा."

त्या नाही म्हणाल्या नाहीत, म्हणून त्या हो म्हणाल्या असं लिहून घेतलं गेलं. मी तेव्हा टल्साला राहत होते. आईने हे सगळं मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिला इतकं हसू येत होतं की दोनदा फोन खाली ठेवावा लागला.

मिस ओझेलांना मी लहानपणापासून ओळखते. मीच काय, कॉटनवुडमध्ये वाढलेलं प्रत्येक माणूस ओळखतं. आमच्या शाळेच्या खानावळीत त्या मुख्य आचारी होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, एका गुडघ्याने अधू, आणि आवाज असा की मैदानावरची पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. शुक्रवारी त्या पाव भाजायच्या. त्या वासाने तिसऱ्या तासापासून वर्गात कुणाचं लक्ष नसायचं. ज्याच्या घरी शनिवार-रविवार चूल धड पेटणार नाही, त्याच्या ताटात शुक्रवारी एक पाव जास्त पडायचा. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, बघितल्यासारखंही केलं नाही. माझ्या ताटात तो पाव बरीच वर्षं पडला.

आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात; त्यांचे यजमान लुशियस काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. आमची निम्मी वस्ती त्या कारखान्यावर जगायची. कारखाना बंद पडला तशी माणसं पांगली. कुणी डॅलसला, कुणी विचिटाला, कुणी पार कॅलिफोर्नियात. म्हातारे तेवढे मागे राहिले, आणि एकेक करून तेही गेले. घरं मात्र उभीच होती. घर मेलेल्या आजोबांच्या नावावर, आजोबांची मुलं चार गावांना, त्यांची मुलं दहा गावांना. विकायचं तर सगळ्यांची संमती हवी आणि दुरुस्तीचा खर्च करायला एकही तयार नाही. मग छपरं खचायची, चोर भिंती फोडून तांब्याच्या नळ्या काढून न्यायचे, आणि व्हरांड्यात एल्मची रोपं उगवायची. लुशियस गेल्यावर मिस ओझेलांची मुलगी डॅलसहून येऊन म्हणाली होती, "मम्मा, इथे तुझ्या दोन्ही बाजूंना कोणी राहत नाही. चल माझ्याकडे." मिस ओझेलांनी तिला डबाभर पाव बांधून दिले आणि परत पाठवलं.

ट्रस्टच्या बैठका रुळांच्या दक्षिणेला, नगरपालिकेच्या इमारतीत व्हायच्या. पहिले काही महिने मिस ओझेला तिथे एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना लोण्याचा केक मात्र न्यायच्या. ट्रस्टचे अध्यक्ष होते वेंडेल स्ट्रॅटन. जन्म गेला गुराढोरांचं खाद्य विकण्यात, माणूस गोरा, जाडजूड आणि मितभाषी. बैठक लवकर संपवून घरी जाण्याची त्यांना सवय होती. केक यायला लागल्यापासून बैठका लांबल्या.

ट्रस्टची वकील होती मेरेडिथ कॉब. तरुण होती, ओक्लाहोमा सिटीतली बरी नोकरी सोडून आली होती आणि मनापासून काम करायची. मिस ओझेलांना पहिल्यांदा तिची कीव आली. ती वारसांना पत्रांवर पत्रं पाठवायची आणि उत्तर एकाचंही यायचं नाही. नगरपालिकेचा शिक्का दिसला की लोक पाकीट न फोडताच टाकून द्यायचे. एकदा बैठकीनंतर मेरेडिथ डोकं धरून बसली होती. मिस ओझेलांनी तिच्यापुढे केकची बशी सरकवली आणि विचारलं, "कोणाकोणाला पत्रं धाडलीस?"

मेरेडिथने नावं वाचायला सुरुवात केली.

"कर्टिस मेबेरी? अगं, तो पत्र कशाला वाचतोय. त्याला शाळेतसुद्धा वाचायला लावायला दोन मास्तर लागायचे. फोन नंबर आहे का?"

नंबर होता. कर्टिस ओकलंडला बस चालवत होता. हा फोन मेरेडिथच्या समोर झाला आणि ती अजूनही तो नक्कल करून सांगते.

"कर्टिस, मी ओझेला प्रेविट बोलतेय. शाळेच्या खानावळीतली."

पलीकडे आधी खाकरणं. मग, "मिस ओझेला? मी काही केलं नाही."

"तेच तर. काही केलं नाहीस म्हणूनच फोन केलाय. तुझ्या आजीच्या घराच्या छपरातून झाड आलंय वर."

तिथून पुढे रस्ता फुटला. मेरेडिथ कायद्याचं बघायची, मिस ओझेला माणसांचं. फोन कुठेही लागो, शिकागो असो की सिएटल, आधी आईची तब्येत, मग मुलांची चौकशी, मग कोण कधी दूध सांडायचा त्याची आठवण, आणि शेवटी घर. काही जण पहिल्या फोनला हो म्हणाले. काही जण रडले. एकाने घर देणार नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बायकोमुलांसकट स्वतःच राहायला आला. मिस ओझेला म्हणाल्या, हे तर त्याहून उत्तम झालं.

पण गावात बोलणारी तोंडं असतातच. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर युला बँक्सने सगळ्यांसमोर विचारलं, "ओझेला, जगाची घरं गोळा करतेयस, आणि तुझ्या वडिलांचं घर? त्यात रानमांजरं व्यालीयत म्हणे. आधी स्वतःच्या दारातलं झाडावं माणसाने."

युला खरं बोलत होती. त्यांच्या घराला लागूनच त्यांचं माहेर होतं, गेन्सांचं घर. आईवडील जाऊन बराच काळ लोटला होता. भावंडांपैकी आता त्या आणि थोरला भाऊ थर्मन असे दोघेच उरले होते, आणि थर्मन सही करायला तयार नव्हता. त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. फोन केला होता. थर्मनने एकच वाक्य ऐकवलं होतं. "ओझी, नगरपालिकेने आपल्या घरातलं एकदा नेलंय, तेवढं पुष्कळ झालं." आणि फोन ठेवला होता.

त्याच सुमाराला माझी आई गेली. मी टल्साहून आले. दफन झालं, चर्चमध्ये जेवण झालं, तळलेला मासा, हिरवी भाजी, मक्याचा पाव, सगळं मिस ओझेलांनीच रांधलेलं. पाहुणे पांगल्यावर मी भांडी विसळायला त्यांच्या शेजारी उभी राहिले. मी टल्साला एका वृद्धाश्रमात मदतनीस होते, भाड्याच्या खोल्या बदलत राहायचे, आईचं घरही भाड्याचंच होतं, आणि माझी मुलगी जोनेल तेव्हा शाळेत जायला लागली होती. नवऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. तो आता आमच्यासोबत नसतो हे त्यांना माहीत होतं.

"डेनिता, तुला गाडी चालवता येते ना? हमरस्त्यावर?"

"येते की."

"मला विचिटाला न्यायचंस. माझ्या गुडघ्याने ब्रेक दाबवत नाही आणि माझा भाऊ फोनवर ऐकत नाही."

आईला माती देऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पण खरं सांगते, त्या प्रवासानेच मला तेव्हा सावरलं. वाटभर मिस ओझेला आईच्या गोष्टी सांगत होत्या, मला माहीत नसलेल्या. माझी आई लहान असताना चर्चच्या गायकवृंदात सगळ्यात वर चढणारा आवाज तिचा होता. एका नाताळात तिने इतका उंच सूर लावला की पुढच्या बाकावरच्या बाईंनी टोपी धरून ठेवली, असं त्या म्हणाल्या. मी हसले आणि मग गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ रडले. त्या माझ्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

थर्मन गेन्स विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. बहिणीएवढेच उंच, पांढरी मिशी नीट कातरलेली, घरातही शर्टाची वरची गुंडी लावलेली. दार उघडून त्यांनी आधी बहिणीच्या हातातल्या पीचच्या गोडाच्या भांड्याकडे पाहिलं.

"लाच घेऊन आलीस का?"

"लाच नाही. मोठ्या भावाकडे मोकळ्या हाताने येऊ नये असं आपल्या आईने शिकवलंय."

"आईने सही करू नये असंही शिकवलंय."

"ते बाबांनी. आईने सही केली असती."

मला वाटलं आता भांडण होणार. तसं झालं नाही. ते दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले, आणि थर्मननी माझ्याकडे वळून, मला ऐकवायचं म्हणून, सगळं सांगितलं. मी कॉटनवुडमधल्या जुन्या लॉरेल स्ट्रीटबद्दल ऐकून होते, पण जरा दंतकथेसारखं. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा तो रस्ता दिसायला लागला. त्यांच्या वडिलांचं, आमॉस गेन्सांचं, न्हाव्याचं दुकान. शेजारी औषधाचं दुकान, त्यापुढे शिंपी, वर डॉक्टर. शनिवारी चालायला जागा नसायची. मग साठच्या दशकात नगरपालिकेने वस्तीची सुधारणा काढली. जुनं पाडून नवं बांधू, तुम्हालाच परत देऊ. लोकांनी विश्वास ठेवला. पाडणं झालं. बांधणं झालं नाही. त्या जागेत गवत वाढलं, पुढे त्यावर मोटारी लावायला लागले.

"बाबा नंतर मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून केस कापायचे," थर्मन म्हणाले. "थंडीतसुद्धा. आणि आता ही माझी बहीण विश्वस्त झालीय. कुणाचा विश्वास गं, ओझी? आणि कुणावर?"

मिस ओझेलांनी गोडाचं भांडं भावाकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "माझ्यावर ठेव. नगरपालिकेवर ठेव असं मी म्हणत नाही. मीसुद्धा ठेवत नाही. म्हणून तर त्या बैठकीला जाऊन बसते. बाबांच्या वेळी त्या खोलीत आपलं कोण बसलं होतं?"

"तू एकटी. ते चौघे."

"हो. पण ते चौघे माझा केक खातात."

थर्मन हसले. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसले. मग पीचचं गोड वाढून घेतलं आणि म्हणाले, "सही करायला येणार नाही. बोलायला येईन. पण रुळांच्या पलीकडे येणार नाही. त्यांना म्हणावं, तुम्ही इकडे या."

मिस ओझेला त्या दिवसापर्यंत बैठकीत बोलल्या नव्हत्या. पुढच्या बैठकीत बोलल्या. मेरेडिथ सांगते, त्यांनी एवढंच म्हटलं, की पुढची बैठक कॉटनवुडच्या चर्चमध्ये घ्यायची, आणि यापुढे प्रत्येक बैठक तिथेच घ्यायची. एका विश्वस्ताने विचारलं, कशासाठी? "कारण घरं तिथे आहेत," मिस ओझेला म्हणाल्या. वेंडेल स्ट्रॅटननी आजूबाजूला पाहिलं आणि ठराव मांडून टाकला.

त्या बैठकीला मीही टल्साहून आले होते. तळघर गच्च भरलं होतं. थर्मन सूट घालून आले होते. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं सांगू शकणार नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. लॉरेल स्ट्रीटवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्हाला चालवत नेलं, दुकानागणिक, माणसागणिक. मागून कुणीतरी म्हातारी मध्येच म्हणायची, "हो, आणि त्याच्या दारात लिंबाचं सरबत विकायचे," आणि ते थांबून म्हणायचे, "बरोबर, मॅम." शेवटी ते म्हणाले, "तेव्हाही कागद होते. तेव्हाही समिती होती. आता माझ्या वडिलांचं घर तुम्हाला हवंय. द्यायला माझी ना नाही. पण उद्या तुम्ही ते कुण्या लांबच्या धनिकाला विकलंत, त्याने भाडेकरू भरून पुन्हा सडत ठेवलं, तर मी माझ्या वडिलांना दोनदा लुटू दिल्यासारखं होईल."

वेंडेल स्ट्रॅटन टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होते. मग ते म्हणाले, "मिस्टर गेन्स, मी तेव्हा शाळेत होतो. तो रस्ता पाडला तेव्हा आम्हाला घरी सांगितलं होतं, की तिथे कुणी राहत नव्हतं."

"आम्ही राहत होतो," थर्मन म्हणाले.

"हो," वेंडेल म्हणाले. "आता कळलं."

त्यांनी माफी मागितली नाही, आणि कुणी मागायला सांगितलीही नाही. त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं नियमात कसं बसवायचं ते सांगा."

थर्मनचं म्हणणं होतं, घरं कॉटनवुडच्याच माणसांना द्या. मेरेडिथ उभी राहिली. घाबरली होती, तरी स्पष्ट बोलली. "सर, कोण कुणाच्या कुळातला ते पाहून घर देता येणार नाही. भेदभावाविरुद्धचा कायदा तसं करू देत नाही. आणि तो कायदा व्हावा म्हणून याच चर्चमधली माणसं रस्त्यावर उतरली होती."

"मग काय करता येईल?"

"घेणाऱ्याने त्या घरात स्वतः राहायचं, ही अट घालता येईल. विकायचं झालं तर आधी ट्रस्टला विचारायचं. आणि घर तयार झालं की त्याची खबर सगळ्यात आधी इथे लागेल, या चर्चच्या दारावर आणि वस्तीतल्या आताच्या न्हाव्याच्या दुकानात. मग वर्तमानपत्रात."

मिस ओझेला आपल्या जागेवरून म्हणाल्या, "राहील त्याचं घर. एवढं सोपं आहे, थर्मन."

मत घेतलं. चार हात वर, एक खाली. तो एकजण पुढे ट्रस्ट सोडून गेला. त्याचं काही वाईट वाटून घेण्यासारखं नाही, त्याला खरंच वाटत होतं की अशा अटींमुळे घरं खपणार नाहीत.

थर्मननी त्या दिवशी सही केली नाहीच. बहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस ओझेलांकडे कॉफीला गेले, तर ते गेन्सांच्या घराभोवती फिरत होते. सूटची पँट गवताने ओली झालेली. मागचा ओटा अर्धा कोसळला होता. जिथे वडिलांची खुर्ची असायची तिथे ते खाली बसले, फळीवर हात फिरवला, आणि बहिणीला हाक मारली. "ओझी, त्या वकील पोरीला बोलव. आणि न्याहारीला काय आहे?"

घर दुरुस्त व्हायला वर्षाच्या वर लागलं. पाया पक्का निघाला. छप्पर, मागचा ओटा, एक पूर्ण भिंत नवी घालावी लागली. सुतारकाम करणाऱ्यांत आमच्याच वस्तीतली तीन माणसं होती, आणि मिस ओझेला रोज दुपारी कुंपणावरून त्यांना सूचना द्यायच्या. एक सुतार म्हणाला, "मिस ओझेला, तुम्हीच करवत घ्या हातात." त्या म्हणाल्या, "घेतली असती, पण मग तुझं जेवण कोण करील?"

चर्चच्या दारावर खबर लागली त्या रविवारी मिस ओझेलांनी मला टल्साहून बोलावलं आणि दंडाला धरून तिच्यापुढे उभं केलं. एवढंच. पुढचं मला करायचं होतं. मी हॅलडेनच्या दवाखान्यात नोकरी धरली, ट्रस्टने बँकेपुढे माझ्यासाठी शब्द टाकला, मेरेडिथने कर्जाचं एकेक कलम मला समजेपर्यंत समजावलं. माझ्यासारखे आणखीही अर्जदार होते, आणि निवडीच्या बैठकीत मिस ओझेला बाहेर जाऊन बसल्या, कारण घर त्यांच्या माहेरचं होतं आणि मी त्यांच्या ओळखीची. आत काय चाललंय ते दोघींनाही कळत नव्हतं. त्या जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "नाही मिळालं तर?" त्या म्हणाल्या, "तर दुसरं मिळेल. घरं काय कमी आहेत का इथे?"

मिळालं. वेंडेल स्ट्रॅटननी बाहेर येऊन हात पुढे केला आणि म्हणाले, "अभिनंदन. शेजारीण जरा त्रासदायक आहे, सांभाळा."

पहिल्या संध्याकाळी घरात सामान असं काही नव्हतंच. जोनेल या खोलीतून त्या खोलीत नुसती पळत होती. मग थांबून म्हणाली, "मम्मा, इथून कधी निघायचंय?" टल्साला दर वर्षी निघायचो ना आम्ही. मी म्हटलं, "निघायचं नाही." तिला ते लगेच पटलं नाही. मलाही नाही. कित्येक दिवस मी रिकामी खोकी जपून ठेवली होती. एका दिवशी मिस ओझेला आल्या, खोकी बघितली, आणि एकेक करून पायाखाली चपटी केली, त्या अधू गुडघ्यानिशी.

ट्रस्टने सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. वाण्याचं मोठं दुकान आणायचं ठरवलं होतं, ते आलं नाही. भाजीपाल्याला आजही रुळांपलीकडे जावं लागतं. काही घरं पाडावीच लागली. मेबेरींचं घर तर दुरुस्ती चालू असताना जळालं. कर्टिस ओकलंडहून फोनवर रडला आणि मिस ओझेलांनी तासभर त्याची समजूत काढली. पण आमच्या रस्त्यावर आता संध्याकाळी दिवे लागतात. शाळेची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. थर्मन उन्हाळ्यात येतात, माझ्या मागच्या ओट्यावर बसतात, आणि रंग चुकीचा निवडलाय म्हणून मला दर वर्षी ऐकवतात.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या कोपऱ्यावरचं घर एका ग्वाटेमालाच्या कुटुंबाने घेतलं. नवरा छपरांची कामं करतो, बायको शिवणकाम करते, तीन मुलं. वस्तीत कुजबूज सुरू झाली. युला बँक्सनेच चर्चमध्ये तोंड उघडलं. "एवढा खटाटोप केला तो यांच्यासाठी का?"

मिस ओझेला तेव्हा ऐंशीच्या घरात, काठी घेऊन चालायच्या. त्या म्हणाल्या, "युला, नियम काय आहे?"

"मला ठाऊक आहे नियम."

"मग? ते राहतायत. तुझा पुतण्या राहायला येतो म्हणाला होता, आला का?"

दुपारी त्यांनी मला गाडी काढायला लावली, एवढ्याशा अंतरासाठी. मांडीवर गोडाचं भांडं. त्या घरातली बाई दारात आली, तिला इंग्रजी थोडं, मिस ओझेलांना तिची भाषा अजिबात नाही. तरी बराच वेळ दोघी व्हरांड्यात बसून बोलत होत्या. कशाबद्दल ते दोघींनाच माहीत. परत आल्या तेव्हा भांड्यात मक्याच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी गरम होतं. गाडीतच त्यांनी एक सोडून खाल्लं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई हाताची चांगली आहे. चर्चच्या स्वयंपाकघरात येशील का विचारलंय तिला."

आता त्या ट्रस्टवर नाहीत. मागच्या वर्षी सोडला. सकाळी कामावर जाण्याआधी मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावून देते, त्यांच्या गोळ्या काढून ठेवते. वृद्धाश्रमात हेच काम मी परक्या माणसांसाठी करायचे. एकदा तेल लावता लावता मी त्यांचे आभार मानायला लागले. शाळेतल्या पावापासून सुरुवात केली. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"डेनिता, तुझा हात गार आहे. आधी चोळून घे."

मी हात चोळले आणि पुन्हा तेल घेतलं. बाहेर शाळेची बस आली, जोनेलने अंगणातूनच खिडकीतल्या आम्हा दोघींना हात केला आणि बसकडे पळत सुटली.